फक्त, मात्र, केवळ आणि ‘च’

१

शब्दांच्या इतिहासात नामांना जेवढा मान मिळतो तेवढा अव्ययांना मिळत नाही. फारसी-अरबीतून मराठीत काय आले असा प्रश्न निघाला की आपण किल्ला, तंबू, दिवाण, वकील, तारीख अशी वस्तूंची आणि पदांची नावे मोजू लागतो. संस्कृतातून काय आले असे विचारले तर पुन्हा नामेच पुढे येतात. वाक्यात ही नामे ज्यांच्या आधाराने उभी राहतात ते लहान शब्द मात्र नजरेतून सुटतात. वस्तुतः दोन भाषांचा संबंध किती खोलवर गेला होता हे नामांपेक्षा अव्ययेच अधिक खात्रीने सांगतात. नवी वस्तू आली की तिचे नाव तिच्याबरोबर येतेच, त्यासाठी फारशा जवळिकीची गरज नसते. ‘शिवाय’, ‘बाबत’, ‘मार्फत’, ‘बिलकुल’, ‘फक्त’ असे शब्द यायचे तर दोन्ही भाषा एकाच माणसाच्या तोंडी आणि एकाच बोरूच्या टोकाशी पुष्कळ काळ नांदाव्या लागतात.

प्रस्तुत लेखाचा विषय यांपैकी एकच शब्द आहे: ‘फक्त’. तो मराठीत कोठून आला, त्याच अर्थाची अव्यये जगातील इतर भाषांनी कशापासून घडवली आणि अनुवाद करताना या शब्दावर किती मोठा भार पडतो, हे येथे पाहायचे आहे.

हा शब्द निवडण्यास एक स्थानिक कारणही आहे. ईट हे धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील गाव. भूम तालुका म्हणजे मराठवाड्याचा पश्चिमेकडील काठ. येथून पश्चिमेला जामखेड तालुका लागतो आणि त्यात १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते खर्डे आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपली. पुढे जामखेडचा मुलूख मुंबई इलाख्याच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात राहिला, तर भूम-परंड्याकडचा मुलूख निजामाच्या राज्यात. बोली एक, पिके एक, सोयरीक एक, परंतु दफ्तर दोन. पलीकडे तालुक्याचे कागद मराठीत, मोडी लिपीत आणि वरच्या कचेरीत इंग्रजीत चालत. अलीकडे राज्यकारभाराची भाषा आधी फारसी होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. १८५३ ते १८६० या काळात नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामाने इंग्रजांच्या हवाली केला होता आणि कर्नल मेडोज टेलर तेथे कारभार पाहत होते. म्हणजे या जिल्ह्याच्या काही भागाने सात वर्षांत दफ्तर दोनदा बदललेले पाहिले. अशा काठावरच्या प्रदेशात ‘फक्त’ हा शब्द एका बाजूने राजभाषेतला होता, दुसऱ्या बाजूने घरातला.

२

‘फक्त’ हा मुळात अरबी शब्द. त्याचे दोन तुकडे पडतात: ‘फ’ म्हणजे ‘तर, म्हणून’ आणि ‘कत्’ म्हणजे ‘पुरे’. ‘तर एवढे पुरे’ हा त्याचा मूळ आशय. अरबीतून तो फारसीत आला, फारसीतून दख्खनच्या दफ्तरांत आणि तेथून मराठी, गुजराती, कोंकणी या भाषांत. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीतील मोल्सवर्थच्या कोशात तो अरबी मूळ नोंदवून आलेला आहे. आपल्या खेड्यापाड्यांत त्याचा ‘फकस्त’ झाला. परक्या शब्दाचे तोंड असे वळवले गेले, की तो पोथीतला राहिला नाही, ओसरीवर येऊन बसला, असे खुशाल समजावे.

या शब्दाच्या आधी मराठीजवळ हा अर्थ सांगण्याची साधने नव्हती, असे मुळीच नाही. सर्वांत जुने साधन म्हणजे ‘च’. जुन्या मराठीत तो ‘चि’ या रूपात आढळतो. त्याच्याही मागे गेले तर महाराष्ट्री प्राकृतात ‘चिअ’, ‘च्चिअ’, ‘चेअ’ ही रूपे भेटतात. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ती अवधारणाच्या अर्थाची अव्यये म्हणून नोंदवली आहेत. म्हणजे हे एकाक्षरी अव्यय आपण शतकानुशतके सोडलेले नाही. त्याच्या जोडीला संस्कृतातून आलेले ‘केवळ’ आणि ‘मात्र’ आहेत, ‘नुसता’ आणि ‘निव्वळ’ आहेत, शिवाय ‘एवढेच’, ‘तेवढेच’ ही जोडरूपे आहेत. भरलेल्या घरात ‘फक्त’ आला आणि तरीही त्याला जागा मिळाली. ती का मिळाली, हा या लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

त्याआधी थोडे घराबाहेर पाहू. ‘फक्त’च्या अर्थाचे अव्यय जवळजवळ प्रत्येक भाषेला लागते. ते घडवण्याच्या वाटा मात्र फार नाहीत.

पहिली वाट ‘एक’ किंवा ‘एकटा’ या कल्पनेतून जाते. इंग्रजीतील ‘ओन्ली’ हा शब्द ‘एक’ या संख्येपासून झाला. लॅटिनमधील ‘सोलुस’ म्हणजे एकटा, त्यापासून इटालियन व स्पॅनिश ‘सोलो’ आणि फ्रेंच ‘सलमाँ’ हे शब्द आले. जर्मन ‘आलाइन’, तुर्की ‘याल्निझ’ आणि फारसी ‘तनहा’ यांच्या मुळाशीही एकटेपणच आहे.

दुसरी वाट मापाची. संस्कृतातील ‘मात्र’ शब्दात ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू आहे. बंगालीत ‘मात्र’, कन्नडमध्ये ‘मात्र’, तेलुगूत ‘मात्रमे’, मल्याळममध्ये ‘मात्रम्’ अशी त्याची रूपे रूढ झाली. तमिळने संस्कृत शब्द न घेता आपला ‘मट्टुम्’ वापरला, पण त्यातील ‘मट्टु’चा अर्थही माप, मर्यादा असाच आहे. शब्द वेगळा, विचार तोच. लॅटिनमधील ‘तान्तुम्’ आणि रशियनमधील ‘तोल्को’ यांचा मूळ अर्थ ‘तेवढे’ असा होता आणि पुढे तो ‘तेवढेच’ असा झाला. आपल्या ‘तेवढेच’ची ही दूरची भावंडे आहेत.

तिसरी वाट शुद्धतेची. अरबी ‘सिर्फ’चा मूळ अर्थ निर्भेळ. इंग्रजीतील ‘मिअर’ ज्या लॅटिन शब्दातून आला तो पाणी न घातलेल्या मद्यासाठी वापरत. मराठी ‘निव्वळ’ हा याच जातीचा. निवळलेल्या पाण्याशी असलेले त्याचे नाते आजही कानाला जाणवते.

चौथी वाट नकाराची. जर्मन ‘नूर’ हा ‘जर तसे नसते तर’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दसमूहाचा आटून राहिलेला अवशेष आहे.

आणि पाचवी वाट ‘पुरे’ या कल्पनेची, म्हणजे आपल्या ‘फक्त’ची. एकटेपण, माप, शुद्धता आणि नकार या चारही कल्पना वस्तूचे वर्णन करतात. ‘पुरे’ हा शब्द वस्तूचे वर्णन करत नाही. तो बोलणाऱ्याला किंवा लिहिणाऱ्याला थांबवतो. ‘फक्त’ मराठीत का टिकला याचे उत्तर मला या थांबवण्यात दिसते.

३

फारसी आणि उर्दू पत्रलेखनात मजकूर संपला की अखेरीस ‘फकत’ लिहिण्याची रीत होती. त्याचा अर्थ ‘केवळ’ असा नसे. ‘इति’, ‘पुरे’, ‘यापुढे या कागदात काही नाही’ असा असे. मराठी पत्रव्यवहारात हेच काम करणारी स्वतंत्र परंपरा होती. मजकुराच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ लिहीत आणि छोटी मुद्रा उठवत. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस उठवलेल्या त्या छोट्या मुद्रेच्या अक्षरांत ‘मर्यादा’ हाच शब्द असे. कागदाला शेवट आहे आणि तो शेवट कोणीतरी जबाबदारीने आखला आहे, हे त्या मुद्रेने सांगायचे. ‘फकत’ आणि मर्यादा-मुद्रा यांच्या भाषा वेगळ्या असल्या तरी दोघांचा धंदा एकच.

असा शेवट आखणे आवश्यक का होते, हे पैशाच्या कागदांवरून चटकन समजते. हाताने लिहिलेल्या रकमेपुढे जागा मोकळी राहिली तर त्या जागेत मागाहून काहीही भरता येते. हे टाळण्यासाठी वेगवेगळ्या समाजांनी वेगवेगळे उपाय केले. उर्दू दस्तऐवजांत रक्कम लिहून लगेच तिची निम्मी रक्कमही लिहिण्याची पद्धत होती: शंभर रुपये, ज्याचे निम्मे पन्नास होतात. शंभरावर कोणी एक शून्य चढवले तरी पुढचे पन्नास त्याची लबाडी उघडी पाडत. दुसरा उपाय रक्कम अक्षरी लिहिण्याचा आणि तिसरा अक्षरी रकमेला शेवटी अव्ययाचे कुलूप लावण्याचा. आजही आपण चेकवर ‘रुपये पाच हजार फक्त’ किंवा ‘रुपये पाच हजार मात्र’ लिहितो. अरबी भाषिक देशांत रकमेच्या आधी ‘फकत’ आणि नंतर ‘ला गैर’ म्हणजे ‘अन्य नाही’ अशी दुहेरी कडी घालण्याचा प्रघात आहे. भारतातील १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे अंकी आणि अक्षरी रकमेत तफावत आली तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात. म्हणून अक्षरांच्या शेवटी लावलेल्या या कुलपाचे मोल अधिक.

येथे मराठीचा एक सूक्ष्म विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. चेकवर ‘पाच हजारच’ असे कोणीही लिहीत नाही. वास्तविक ‘च’ हे आपले सर्वांत जुने, सर्वांत घरगुती अव्यय. पण संख्येला ‘च’ लागला की कमीपणाची छटा येते. ‘पाच हजारच मिळाले’ या वाक्यात अपेक्षाभंग आहे. ‘फक्त पाच हजार’ यातही तो आहे. परंतु तोच ‘फक्त’ संख्येच्या मागे गेला, ‘पाच हजार फक्त’ झाला, की तक्रार नाहीशी होते आणि उरते ती निर्विकार सीमा. पुढे ठेवलेला ‘फक्त’ रकमेकडे पाहून उसासा टाकतो, मागे ठेवलेला तिच्या दाराशी पहारा करतो. मराठी वाक्यात ‘फक्त’ची सहज जागा ज्या पदाला तो मर्यादा घालतो त्याच्या आधी असते. कागदावर मात्र तो शेवटी जातो, कारण तेथे त्याचा जुना ‘पुरे’ हा अर्थ जागा असतो. ‘केवळ’ला ही जागा घेता आली नाही. ‘पाच हजार केवळ’ हे आपल्याला कवितेसारखे वाटेल, हिशेबासारखे नाही. ‘मात्र’ला ती घेता आली, कारण तो संस्कृतातच शब्दाच्या मागे लागत आला आहे: नाममात्र, क्षणमात्र.

४

कागदावर लावलेले हे कुलूप नेमके कोणाचे रक्षण करत होते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकानेही विचारला पाहिजे. रक्कम वाढवता येऊ नये म्हणून ‘फक्त’ लिहायचे, म्हणजे रक्षण देणेकऱ्याचे व्हायला हवे. पण देणेकरी निरक्षर असेल आणि कागद लिहिणारा घेणेकऱ्याचा माणूस असेल, तर ‘फक्त’चा पहारा कागदाच्या शेवटच्या ओळीवर राहतो आणि चोरी पहिल्या ओळीतच होऊन गेलेली असते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात हे दख्खनचे दंगे म्हणून ओळखले जातात. त्यांचे लक्षणीय वैशिष्ट्य असे, की जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकारांकडचे कर्जरोखे हस्तगत करून ते जाळणे हा त्यांचा मुख्य उद्योग. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी अक्षरांचे सामर्थ्य अचूक ओळखले होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्या कायद्याने न्यायालयाला रोख्यावर लिहिलेल्या रकमेपाशी न थांबता मूळ व्यवहाराच्या इतिहासात शिरण्याची मुभा दिली. मुद्दल किती, व्याज किती, जुना रोखा फाडून नवा करताना व्याजाचे मुद्दल कितीदा झाले, हे तपासता येऊ लागले. शेतकऱ्याने करायचे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत अशीही तजवीज त्यात होती.

भाषेच्या दृष्टीने पाहिले तर या कायद्याने एक विलक्षण गोष्ट केली. ‘रुपये इतके फक्त’ या शब्दांतील ‘फक्त’ अंतिम नाही, त्याच्या मागे जाऊन विचारता येते, असे त्याने मान्य केले. कागदाने आखलेली सीमा ही सत्याची सीमा असेलच असे नाही, हे तत्त्व एका अव्ययाच्या पाठीमागे दडले होते.

हा कायदा मुंबई इलाख्याचा. जामखेडला तो लागू होता, शिवेच्या अलीकडे भूम-परंड्यात नव्हता. हैदराबाद राज्यात सावकारीवरचा कायदा १३४९ फसलीचा, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १९३९-४० चा. एकाच ओढ्याच्या दोन काठांवरील दोन शेतकऱ्यांनी एकाच साली रोख्यावर अंगठा उठवला, तर एकाच्या ‘फक्त’ची उलटतपासणी होऊ शकत होती, दुसऱ्याच्या ‘फकत’ची या कायद्याने तरी नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर ही शीव केवळ जिल्ह्याची उरली.

५

आता भाषाशुद्धीच्या प्रश्नाकडे वळू. शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा आपल्याकडील पहिला मोठा प्रयत्न. त्याचे वर्ग पाहावेत: राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग. वर्गांच्या या नावांवरूनच स्पष्ट होते, की कोशकाराचे लक्ष वस्तू, पदे आणि व्यवहार यांच्या नावांकडे आहे. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. तिच्यातून ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘चित्रपट’ असे शब्द रूढ झाले. तीही नामेच. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. फारसीचे अध्यापक, मराठीत गझल आणणारे कवी आणि १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ तयार करणारे कोशकार असलेल्या या विद्वानाने १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिले. फारसीचे ऋण ज्याला सर्वांत चांगले मोजता येत होते त्यानेच ते फेडून टाकण्याचा आग्रह धरला.

या सर्व प्रयत्नांनंतरही ‘फक्त’ जागचा हलला नाही. ‘तारीख’ जाऊन ‘दिनांक’ आला तरी दिनांकाखालच्या रकमेपुढे ‘फक्त’ राहिला. याचे कारण शुद्धीवाद्यांच्या आळसात शोधू नये. नामाला पर्याय देता येतो, कारण वस्तू समोर असते आणि तिला दुसरे नाव चिकटवता येते. अव्ययाला पर्याय द्यायचा तर वाक्याची घडणच बदलावी लागते. ‘फक्त’च्या जागी सर्वत्र ‘केवळ’ घालून पाहा. ‘केवळ अद्भुत’ म्हणता येते, ‘फक्त अद्भुत’ म्हणता येत नाही. उलट ‘घर चांगले आहे, फक्त पाणी लांब आहे’ या वाक्यात ‘केवळ’ अडखळतो. दोन्ही शब्द आपापली कामे वाटून घेऊन बसले आहेत. त्यांतील एक काढला तर त्याचे काम करायला कोणी उरत नाही.

शिवाय हा व्यवहार एकेरी नव्हता. मराठीने फारसी-उर्दूकडून ‘फक्त’ घेतला, तसा दखनीने मराठीकडून ‘च’ घेतला. हैदराबादपासून औरंगाबादपर्यंतच्या दखनी बोलीत ‘मैंइच’, ‘ऐसाइच’, ‘वोइच’ ही रूपे कोणालाही ऐकता येतील. उत्तरेकडील उर्दूत या जागी ‘ही’ येते. दखनीची ही खूण मराठीच्या शेजारातून आली. महाराष्ट्री प्राकृतातला ‘च्चिअ’ मराठीतून दखनीत गेला आणि अरबीतला ‘फकत’ दखनच्या दफ्तरातून मराठीत आला. दोन समाजांनी एकमेकांना अवधारणाची अव्यये द्यावीत, यापेक्षा निकटचा संबंध कल्पिणे कठीण आहे. शस्त्रांची आणि वस्त्रांची नावे जिंकणारा देतो आणि हरणारा घेतो. ‘च’ आणि ‘फक्त’ यांची देवाणघेवाण केवळ जेत्या-जितांच्या नात्यातून होत नाही. ती अंगणात, बाजारात आणि चावडीत होते.

६

अनुवादात या लहान शब्दावर केवढा भार येऊ शकतो याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण युरोपातील आहे. मार्टिन लूथरने १५२२ मध्ये बायबलच्या नव्या कराराचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील २८ व्या वचनात मनुष्य श्रद्धेने नीतिमान ठरतो, नियमशास्त्रातील कर्मांवाचून ठरतो, असा आशय आहे. लूथरने ‘श्रद्धेने’ या पदाला ‘आलाइन’ म्हणजे ‘फक्त’ हे अव्यय जोडले. मूळ ग्रीक वचनात तेथे ‘फक्त’ नाही. विरोधकांनी त्याच्यावर देववाणीत पदरचा शब्द घुसडल्याचा आरोप केला. एका अव्ययावरून धर्मपंथांची भांडणे पेटली. १५३० मध्ये लूथरने अनुवादाविषयी एक जाहीर पत्र लिहून आपली बाजू मांडली. त्याचे म्हणणे असे, की एक गोष्ट आहे आणि दुसरी नाही असे सांगायचे असेल तेव्हा जर्मन माणूस ‘फक्त’ वापरतोच. शेतकरी फक्त धान्य आणतो, पैसे आणत नाही, असेच तो बोलतो. अनुवादकाने लॅटिनच्या अक्षरांना न विचारता घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना आणि बाजारातल्या माणसाला विचारावे.

लूथरचा प्रतिवाद मान्य करावा की नाही, हा धर्मशास्त्राचा प्रश्न. पण त्याने उपस्थित केलेला भाषिक प्रश्न आपल्या परंपरेला परका नाही. वाक्यात ‘च’ उच्चारलेला नसला तरी तो अभिप्रेत असतो का? सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने ‘एव’ या संस्कृत अव्ययाची चिकित्सा करताना हाच प्रश्न हाताळला. ‘एव’ उच्चारला नाही तरी वक्त्याच्या आशयातून निर्बंध कळतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. ‘एव’ कोणत्या पदाला लागतो यावर अर्थ कसा फिरतो हेही त्याने तीन प्रकारांत दाखवले. विशेषणाला लागला तर तो गुण त्या व्यक्तीत नाही अशी शंका दूर होते: चैत्र धनुर्धरच आहे. विशेष्याला लागला तर इतरांची वजाबाकी होते: पार्थच खरा धनुर्धर. क्रियापदाला लागला तर संबंध मुळीच असू शकत नाही हा समज खोडला जातो: कमळ निळे असतेच.

मराठीच्या वर्गात हा विचार फार सोपेपणाने शिकवता येतो, कारण आपला ‘च’ हुबेहूब ‘एव’सारखा फिरतो. ‘आईने मुलाला पुस्तक दिले’ हे वाक्य घ्यावे. ‘आईनेच दिले’ म्हटले की वडील वगळले जातात. ‘मुलालाच दिले’ म्हटले की मुलगी वगळली जाते. ‘पुस्तकच दिले’ म्हटले की पैसे किंवा खाऊ वगळला जातो. ‘दिलेच’ म्हटले की काहीही वगळले जात नाही, देण्याविषयीचा संशय तेवढा मावळतो. पहिल्या तिन्ही ठिकाणी ‘च’ काढून ‘फक्त’ घालता येतो. चौथ्या ठिकाणी नाही. म्हणजे ‘फक्त’ला धर्मकीर्तीच्या तीन कामांपैकी वजाबाकीचेच काम येते. इंग्रजी ‘ओन्ली’चीही हीच मर्यादा आहे. म्हणूनच इंग्रजीतून मराठीत येताना प्रत्येक ‘ओन्ली’चा ‘फक्त’ करणारा विद्यार्थी चुकत नाही, पण मराठीचे अर्धे सामर्थ्य वापरायचे विसरतो. उलट मराठीतून इंग्रजीत जाताना प्रत्येक ‘च’चा ‘ओन्ली’ करणारा साफ फसतो. ‘मी जातोच’ यातील हट्ट ‘ओन्ली’ने कधीच कळणार नाही.

७

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधायला हवे. ‘फक्त’च्या अर्थाचे शब्द अनेक भाषांत ‘पण’ या अर्थाकडे सरकतात. तुर्कीत गेलेला हाच अरबी शब्द ‘फकात’ आज तेथे ‘फक्त’ नव्हे तर ‘पण’ या अर्थाने वापरतात. तुर्कीतीलच ‘अंजाक’ आणि ‘याल्निझ’ या शब्दांना दोन्ही अर्थ आहेत. जर्मन ‘आलाइन’ ग्रंथांतरी ‘परंतु’ होतो. जपानीत ‘तादा’ म्हणजे फक्त आणि ‘तादाशी’ म्हणजे परंतु. कन्नडचा आणि आपला ‘मात्र’ही तसाच: ‘सगळे आले, तो मात्र आला नाही.’ येथे ‘मात्र’ एकाला वेगळे काढतो आणि त्या वेगळेपणातूनच विरोध उभा राहतो. एकाच गोष्टीला सीमेच्या आत घेतले की बाकीच्या सर्व बाहेर राहतात, आणि बाहेर राहिलेल्यांची आठवण म्हणजेच ‘पण’. परस्परांशी संबंध नसलेल्या भाषा एकाच वळणावर येऊन मिळतात, कारण हे वळण शब्दाचे नसून विचाराचे आहे.

‘मात्र’च्या पोटात याहूनही नवल आहे. ‘नाममात्र’ म्हणजे नावापुरतेच, पण ‘प्राणिमात्र’ म्हणजे सगळे प्राणी. अमरकोशाने ‘मात्र’चे साकल्य आणि अवधारण हे दोन्ही अर्थ एकत्र सांगितले आहेत. मोजमाप केले की जे मापात बसले ते ‘सगळे’, आणि जे बसले ‘तेवढेच’. वगळणे आणि सामावणे ही एकाच मापाची दोन टोके आहेत, हे या दोन अक्षरांना ठाऊक आहे.

म्हणून ‘फक्त’, ‘मात्र’, ‘केवळ’ आणि ‘च’ यांतून निवड करणे हा निव्वळ शैलीचा प्रश्न ठरत नाही. या शब्दांनी सीमा आखली जाते आणि सीमेच्या बाहेर कोणीतरी राहते. ‘फक्त सदस्यांसाठी’, ‘केवळ गुणवत्तेवर’, ‘रुपये इतके मात्र’ या प्रत्येक ठिकाणी कोण बाहेर राहिले, असे विचारण्याची सवय साहित्याच्या विद्यार्थ्याला लागली, तर व्याकरणाचा तास सार्थकी लागला असे म्हणावे.

भूम, परंडा आणि जामखेड या पट्ट्यात जुन्या घरांच्या पेट्यांत आजही मोडीतले रोखे, उर्दूतले दस्त आणि देवनागरीतले खरेदीखत एकाच फडक्यात बांधलेले असू शकतात. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, घसटत्या उर्दू वळणाचे हस्ताक्षर वाचणारे त्याहून थोडे. हे कागद वाचले जातात तेव्हा सामान्यतः नावे, गट आणि रकमा टिपल्या जातात. भाषेच्या अभ्यासकाने त्यांच्या शेवटच्या ओळींकडेही पाहावे. कोठे ‘फकत’ आहे, कोठे ‘मात्र’, कोठे निम्मी रक्कम आणि कोठे नुसती अंगठ्याची खूण, याची नोंद केली तर दोन राज्यांच्या शिवेवर मराठीने आपली अव्यये कशी निवडली, याचा पुराव्यासह इतिहास लिहिता येईल.